दाजी आणि रिकामं पिंप

पुढं पेट्रोलचा टँकर आला आणि आपली गाडी त्याच्या मागं अडकली, याचा ज्याला मनापासून आनंद होतो असा माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असेल आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. बाकीची दुनिया अशा वेळी हॉर्न वाजवते, शिव्या देते, काच वर करते. आमचे दाजी काच खाली करतात. मान बाहेर काढून टँकरच्या पाठीवरची ती चौकटच्या एक्क्यासारखी उभी पाटी आणि तिच्या शेजारचा आकडा वाचतात. मग देवदर्शन झालेल्या माणसासारखे मागं टेकून बसतात. "बाराशे तीन," ते म्हणतात. "पेट्रोल. वर्ग तीन. मेव्हणे, अंतर ठेवा." एकदा आम्ही सगळे पुण्याला बारशाला निघालो होतो. टेंभुर्णीच्या अलीकडं एक टँकर मिळाला आणि त्याच्या पाटीवरचा आकडा चिखलानं झाकलेला होता. मी पुढं काढायला गेलो, तर दाजींनी स्टिअरिंगवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही." टँकर टेंभुर्णीच्या ढाब्यावर थांबला, म्हणून आम्हीही थांबलो. दाजींनी आपल्या पिण्याच्या पाण्याची बाटली त्या पाटीवर ओतली, बारशासाठी इस्त्री करून घेतलेल्या रुमालानं ती लख्ख पुसली आणि बाजेवर चहा पीत बसलेल्या ड्रायव्हरसमोर जाऊन उभे राहिले.

"काय भरलंय?"

"माल."

"कसला माल?"

"साहेब, माल म्हंजे माल. हितल्या कंपनीनं भरला, तितल्या कंपनीत उतरायचा."

"आणि वाटेत सांडला तर?"

"सांडत न्हाय."

"समज, सांडला."

ड्रायव्हरनं बशीतला चहा संपवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग पळायचं की."

आम्ही सगळे हसलो. दाजी हसले नाहीत. "कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं. त्यानंतर तो ड्रायव्हर, त्याचा क्लीनर आणि ढाब्याचा मालक असे तिघं चिमूटचिमूट माती हातातून खाली सोडून वारा कुठून कुठं वाहतो ते बघत होते आणि दाजी त्यांना वाऱ्याच्या उलट्या अंगानं पळायला शिकवत होते. आम्ही पुण्याला पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून, घुगऱ्या वाटून, पाळणासुद्धा सोडून ठेवला होता.

दाजींची सगळी नोकरी रसायनांची वाहतूक करणाऱ्या एका कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून गेली. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर नातवंडांना शाळेत सोडतात. दाजींनी सोलापुरात सात रस्त्याजवळ एका दुकानाच्या माडीवर खोली घेतली आणि असल्या टँकरच्या ड्रायव्हरांना शिकवायला सुरुवात केली. जोखमीचा माल वाहायचा तर तसं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्याशिवाय लायसन्सवर शिक्का बसत नाही. बहुतेक ठिकाणी ड्रायव्हर त्या शिक्क्यापुरते येतात नि बाकावर झोप काढून जातात. दाजींच्या वर्गात झोपायची सोय नव्हती, कारण दाजी शिकवायचे कमी आणि विचारायचे जास्त. त्यांचं म्हणणं असं, की धोक्याचा शब्द हा घाबरलेल्या माणसाला ओरडता आला पाहिजे. आणि सरकारी पाट्यांवरचे शब्द तर न घाबरलेल्या माणसालाही वाचता येत नाहीत. "संक्षारक म्हणजे काय?" असं कातडं खाणाऱ्या ॲसिडच्या पाटीवर बोट ठेवून त्यांनी एका ड्रायव्हरला विचारलं, तर तो म्हणाला, "संक्रांतीला वाटत्यात त्यातलं काय तरी असंल." दुसरा थोडं इंग्रजी शिकलेला होता. त्यानं पाटीवरच्या 'इन्फ्लेमेबल'चा अर्थ मोठ्या आत्मविश्वासानं सांगितला, "इन म्हंजे न्हाय. इनव्हॅलिड म्हंजे चालत न्हाय. तसं इन्फ्लेमेबल म्हंजे पेटत न्हाय." हा गृहस्थ वर्षानुवर्षं पेट्रोलियम वाहत होता आणि बिडीही ओढत होता. त्या दिवशी दाजी घरी येऊन जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी पण केला की असे शब्द आपण लोकांकडूनच गोळा करायचे. आता सोलापुरात हे काम वाटतं तितकं सोपं नाही. इथं एका गल्लीत मराठी, दुसऱ्या गल्लीत तेलुगू, तिसरीत कानडी आणि चौकात दखनी बोलतात, आणि भांडण झालं तर चारी एकदम. दाजी बाजारात भाजी घेता घेता बाईला विचारायचे, "तुमच्यात लगेच पेट घेणाऱ्या वस्तूला काय म्हणता?" एक बाई इतकी घाबरली की तिनं हाक मारून नवऱ्याला बोलावलं, "अवो, हिकडं या, हा माणूस पेटवायचं इचारतोय!" नवरा तराजूसकट आला. दाजींनी त्याच्याकडून दोन शब्द मिळवले, अर्धा किलो वांगी घेतली आणि घरी येऊन अक्काला म्हणाले, "आजचा दिवस चांगला गेला."

अक्का म्हणजे माझी बहीण. तिनं या माणसाशी संसार कसा केला, हा आमच्या घराण्यातला कौतुकाचा विषय आहे. दाजींच्या कंपनीत मालाचे वर्ग असायचे: पेटणारा, विषारी, कातडं खाणारा, आणि तसले. कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा नाही याचे नियम असायचे. दाजींनी ते नियम कंपनीतून घरी आणले आणि घरातून आमच्या सगळ्या गोतावळ्याला लावले. आमच्या एक काकू कधी कुणाशी भांडत नाहीत, आवाज चढवत नाहीत, पण त्या जिथं जाऊन बसतात तिथं थोड्या वेळानं दुसऱ्या दोघींचं जुंपतं. दाजींनी त्यांना वर्ग पाच दिला. "काही पदार्थ स्वतः जळत नाहीत," ते मला समजावून सांगत होते, "शेजारच्याला जळायला मदत करतात." माझे मामा म्हणजे पाणी लागलं की पेटणारा पदार्थ, कारण त्यांच्यासमोर कुणी रडलं की त्यांचा संताप अनावर होतो. आमच्या घराच्या वास्तुशांतीला पंगतीची मांडणी दाजींनी हट्टानं स्वतःकडं घेतली. मामा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, मध्ये ज्यांच्यापासून कुणालाच काही होत नाही अशा आत्या, आणि वर्ग पाचच्या काकू पार ओसरीवर लहान मुलांत. आमच्या घराण्याच्या इतिहासात भांडणाशिवाय उठलेली ती पहिली पंगत. मी खूश होऊन विचारलं, "दाजी, मी कुठल्या वर्गात?" त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "नऊ." नऊ म्हणजे काय, ते मी नंतर अक्काकडून काढून घेतलं. नऊ म्हणजे 'इतर'.

घरात तर विचारायलाच नको. ओला कचरा, सुका कचरा हे आता सगळ्यांकडं असतं. अक्काच्या मागच्या दारी त्याखेरीज गेलेल्या सेलचा डबा, जुन्या गोळ्या-औषधांचा डबा आणि फुटलेल्या ट्यूबलाइटसाठी लांबलचक खोका असा थाट होता. एकदा तिच्या हातून तापमापी फुटली. अक्का कणीक मळत होती. नातवाचा ताप बघायला म्हणून उठली, तापमापी झटकली आणि ती ओट्यावर आपटली. आपण काय करतो? केरसुणी घेतो. दाजींनी सगळं घर अंगणात काढलं. "झाडू नका! झाडला की पारा पसरतो!" असं ओरडत त्यांनी खिडक्या सताड उघडल्या आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदावर ते चमकणारे मणी एकेक करून गोळा करत ते ओणवे झाले. अक्का कणकेचे हात तसेच वर धरून अंगणात बसून राहिली. शेजारीण विचारायला आली, "काय झालं हो?" तर अक्का म्हणाली, "काही नाही, यांना आज फार आनंद झालाय."

या सगळ्यात दाजींचा सगळ्यात मोठा राग 'रिकामं' या शब्दावर होता. तो शब्द त्यांच्या देखत उच्चारायचा नाही. रॉकेलचा डबा रिकामा आहे असं म्हटलं की ते म्हणायचे, "रिकामा दिसतो." कारण त्यांच्या धंद्यात भरलेल्या पिंपाला सगळे भितात, जपून उचलतात. माणसं दगावतात ती रिकाम्या पिंपापाशी. तळाशी उरलेला घोटभर द्रव, आत कोंडलेली वाफ, आणि वरून कुणीतरी म्हणतो, "अरे, रिकामंच आहे." माझ्या बायकोच्या मते हा सारा वेडेपणा होता. माझंही मत फार वेगळं नव्हतं. आमच्या मुलीचा साखरपुडा होईपर्यंत.

साखरपुडा घरापुढं गल्लीत मंडप घालून करायचं ठरलं. आता सोलापूरकराला कार्याची काळजी वाटते ती सोन्याची नसते की स्वयंपाकाची नसते, ती पाण्याची असते. आमच्याकडं नळ काही दिवसांआड येतो. मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींना ग्रह कळतात, नळ कळत नाही. मुहूर्त नेमका नळ नसलेल्या दिवशी निघाला. पण आमच्या गल्लीतला मंडपवाला मोठा हुशार गडी. घरी तेलुगू बोलतो, बाहेर फर्डी सोलापुरी मराठी. तो म्हणाला, "पाण्याचं टेन्शन घेऊच नका साहेब. नवीन बॅरल आणल्यात. आदल्या नळाला भरून ठिवतो." आणि खरोखरच साखरपुड्याच्या सकाळी मांडवाच्या मागं निळं, भलंमोठं, प्लास्टिकचं पिंप काठोकाठ भरून उभं होतं. आचाऱ्यानं भट्टी पेटवली होती. मसालेभाताचं पातेलं चढलं होतं. तो पिंपात बादली घालणार इतक्यात नवा झब्बा घातलेले दाजी तिथं आले आणि इतक्या मोठ्यानं "थांब!" म्हणून ओरडले, की सनईवाल्यानं सनई थांबवली.

दाजींनी वाकून वास घेतला. मग पिंपाभोवती एक फेरी मारली. मग मंडपवाल्याला बोलावलं.

"यात आधी काय होतं?"

"रिकामंच आणलंय की साहेब."

तो शब्द ऐकून दाजींनी क्षणभर डोळे मिटले. "रिकामं व्हायच्या आधी काय होतं?"

मागच्या जन्माची चौकशी केल्यावर माणूस गोंधळावा तसा मंडपवाला गोंधळला. "ते कुटं म्हाईत? पण धुतलंय चांगलं. साबण लावून धुतलंय. नवं कोरं हाय."

दाजींनी पिंपाच्या अंगावर बोट ठेवलं. तिथला कागद खरवडून काढलेला होता, पण चौकटच्या एक्क्याचा खालचा भाग अजून चिकटून होता आणि त्यावर एक काळं चित्र होतं. ते पाहून मंडपवाल्याच्या जिवात जीव आला. "हे बघा की! झाड हाय, मासा हाय. निसर्गाचं चित्र हाय. वाईट कसं असंल?"

"मासा नीट बघ," दाजी म्हणाले. "पोट कुठल्या बाजूला आहे?"

"वर हाय."

"मग?"

"पोहत असंल की उताणा."

"आणि झाडाला पानं कुठं आहेत?"

मंडपवाला खाली बसला. बराच वेळ ते चित्र बघत राहिला. "पानगळीचं दिवस असत्याल," तो म्हणाला, पण आता त्याचा आवाज बसला होता.

दाजींनी पिंपावर झाकण ठेवलं आणि झाकणावर स्वतः बसले. नव्या झब्ब्यानिशी. मी धावत गेलो. पाहुणे यायला लागले होते, व्याही मंडळींची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. मी खालच्या आवाजात म्हणालो, "दाजी, पाया पडतो, आजचा दिवस जाऊ द्या."

"मेव्हणे, आजच तर लोक जेवणार आहेत," दाजी म्हणाले.

"मग निदान हे पाणी ओतून तरी देऊ. गटारीत सोडतो, कुणाला कळणार नाही."

"गटार कुठं जाते?"

मला गटार कुठं जाते हे ठाऊक नव्हतं. आयुष्यात कधी तो प्रश्न पडला नव्हता आणि मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी पडावा अशी इच्छाही नव्हती. माझी बायको आतून आली, तिनं पिंपावर बसलेले दाजी पाहिले आणि ती पदर डोळ्याला लावून परत आत गेली. दाजींना त्याचं वाईट वाटलं. ते उठले, पण ते दोरी शोधायला. दोरी मिळेना, म्हणून मांडवाच्या खांबाची झेंडूची माळ सोडून त्यांनी पिंपाभोवती गुंडाळली, की कुणी जवळ जाऊ नये. परिणाम उलटाच झाला. व्याह्यांकडच्या एक म्हाताऱ्या आत्याबाई सगळ्यांच्या आधी आल्या, माळ घातलेलं पिंप पाहून त्यांना ते कार्यातलंच काहीतरी वाटलं, आणि त्यांनी त्याला हळदकुंकू लावून मनोभावे नमस्कार केला.

तोवर व्याही आले. अक्कलकोटकडचे बागायतदार, भारदस्त माणूस, कोट-टोपी. घरी कानडी, त्यामुळं चिडले की पहिला शब्द कानडी यायचा. "येन्री हे?" ते म्हणाले. "भट्टी विझली का? आमची मंडळी उपाशी आल्यात लांबून." मी काही बोलणार तोच दाजी पुढं झाले आणि त्यांनी पिंपाचं सगळं सांगितलं.

"यात नेमकं काय होतं?" व्याह्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"माहीत नाही? मग एवढा तमाशा कशापायी?"

"माहीत असतं तर काय करायचं ते तुम्हाला सांगितलं असतं," दाजी शांतपणे म्हणाले. "माहीत नाही म्हणून तर बसलोय. तुम्ही हे लग्न मोडलं तर मेव्हण्यांच्या पायावर डोकं ठेवून माफी मागीन. पण या पाण्यात भात शिजू देणार नाही."

आमचे ते पाणी लागलं की पेटणारे मामा खांबाला धरून उभे होते आणि त्यांना दोघांनी धरलं होतं. मुलगी दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली. व्याह्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. मग अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाले, "आमच्या शेतावर गड्यानं फवारणीच्या डब्यानं बैलाला पाणी पाजलं होतं. डबा धुतला होता म्हणाला. संध्याकाळपर्यंत बैल आडवा." त्यांनी कोटाची बटणं सोडली. "माझ्या हातानं वाढवलेला बैल होता." त्यांनी कोट काढला, मंडपवाल्याच्या खुर्चीवर टाकला आणि दाजींना म्हणाले, "चला. पाणी कुठं मिळतंय दाखवा."

पुढं जे झालं ते आमच्या गल्लीत अजून सांगतात. दाजी आणि व्याही दारोदार गेले. नळ नसलेल्या दिवशी सोलापुरात कुणाच्या घरचं पाणी मागणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी मागण्यासारखंच. दाजी दार बघून भाषा बदलायचे, हात जोडायचे, कार्य आहे म्हणायचे, आणि बाईनं कळशी पुढं केली की आधी तिचा वास घ्यायचे. एकीनं विचारलं, "पाणी मागता आन् वास बी घेता?" तर दाजी म्हणाले, "माफ करा. सवय आहे." पण कुणी नाही म्हटलं नाही. कुणी हंडा दिला, कुणी कळशी, एका आजीनं फक्त तांब्या दिला. मुलाच्या बापानं मुलीच्या घरी पाणी भरल्याचं उदाहरण मी तरी दुसरं ऐकलेलं नाही, पण आमच्या व्याह्यांनी ते शब्दशः भरलं, दोन हातांत दोन कळशा घेऊन, बाह्या वर सारून. जेवायला दुपार कलली. मसालेभात थोडा लागला होता. सगळे पोटभर जेवले आणि अंगठ्या घातल्या गेल्या.

जेवण झाल्यावर मंडपवाला दाजींच्या जवळ येऊन उभा राहिला. तो जेवलेला नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "तसल्याच बॅरल एक फेरीवाला गल्लीत घरोघरी इकून गेला, माझ्या घरी बी हायत. पाण्याला." दाजी हात धुऊन तसेच त्याच्याबरोबर निघाले. मीही गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात तीच निळी पिंपं, स्वच्छ घासलेली, एकावर तुळशीची कुंडी. मंडपवाल्याच्या बायकोचे हात कोपरापर्यंत लाल, भेगाळलेले होते. धाकट्या मुलीच्या पोटात सारखं दुखतं, असंही तिनं सांगितलं. मंडपवाल्याचा चेहरा बघवत नव्हता. दाजी त्याला म्हणाले, "हे पिंपामुळंच झालं असं मी म्हणणार नाही. मला ते कळत नाही. डॉक्टरांना दाखव. पिंपांचं मी बघतो." मग ते त्याच्या बायकोला समजावू लागले, की यावर असं लिहायचंय, म्हणजे कुणी परत पाणी भरणार नाही. ते शब्द शोधत होते. घातक म्हणावं, विषारी म्हणावं, की आणखी काही. ती बाई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "एवडं काय करायचं? पोरगी गॅसजवळ गेली तर मी काय म्हंते? वद्दू. वद्दू लिवा."

वद्दू म्हणजे नको. आयुष्यभर जो शब्द दाजी बाजारात, ढाब्यावर, वर्गात हुडकत होते तो या बाईच्या जिभेवर आपला पडलेला होता. दुसऱ्या दिवशी ते रंगाचा डबा घेऊन आले आणि गल्लीत घरोघरी जाऊन तसल्या पिंपांवर मोठ्या लाल अक्षरांत लिहीत गेले: नको. वद्दू. ब्याड. नक्को. चार भाषा, एकच गोष्ट.

पण नुसतं लिहून पिंपं जात नाहीत. ती कुठं द्यायची, म्हणून दाजींनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका टेबलावर सांगितलं, हे वापरलेलं पिंप आहे, कचरा नाही, आमच्याकडं आणू नका. दुसऱ्या टेबलावर सांगितलं, हा कचरा आहे, पण साधा नाही, घातक आहे, आम्ही साधा घेतो. तिसऱ्या टेबलावरचा माणूस भला होता. तो म्हणाला, "आजोबा, घातक कचरा न्यायचा तर कागदावर त्याचा जनक लागतो. ज्याच्याकडं तो जन्माला आला तो. याचा जनक कोण?" पिंपं विकणारा तर कधीच पसार झाला होता. दाजी किती वेळा गेले आणि किती वेळा परत आले, त्याचा हिशेब अक्काकडंही नाही. उन्हात स्कूटरवरून जायचे, टोपीखाली ओला रुमाल ठेवून. मी म्हणालो, "सोडा दाजी, गल्लीनं वापरायचं तर बंद केलं ना?" ते म्हणाले, "आपण बंद केलं. उद्या भंगारवाला नेईल, दुसरी गल्ली घेईल." शेवटी त्यांनी जनक म्हणून स्वतःची सही केली. अक्का म्हणाली, "दोन पोरांचे बाप होतात, आता पिंपांचे झालात. या वयात." आणि एके सकाळी परवाना असलेली गाडी आली, ती सगळी पिंपं नीट झाकणं लावून, दोरखंडानं आवळून घेऊन गेली. दाजी गाडीच्या मागची पाटी वाचूनच बाजूला झाले. आत नेमकं काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मंडपवाल्याच्या बायकोचे हात पुढं सुधारले. "पण ते साबण बदलल्यामुळंही असेल," दाजी म्हणतात.

गल्लीनं दाजींचा सत्कार केला असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं सोलापूर पाहिलेलं नाही. पुढचा नळ आला आणि बायकांनी त्यांना घेरलं. "तुमी बॅरल नेल्या. आता पाणी कशात भरायचं?" हा प्रश्न दाजींना सुचला नव्हता. ते घरी गेले. थोड्या वेळानं रिक्षा आली, त्यात अक्का बसली होती आणि तिच्या मांडीशी, पायांशी, शेजारी तिच्या लग्नातली पितळी भांडी होती. घंगाळ, हंडे, पिण्याच्या पाण्याचं तोटीचं पितळी पिंप. माळ्यावर कित्येक वर्षं कापडात बांधून ठेवलेली. आईनं दिलेली म्हणून तिनं त्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता. तिनं ती एकेक करून उतरवली, मोठं पिंप मंडपवाल्याच्या बायकोच्या दारात ठेवलं आणि म्हणाली, "चिंचेनं घास. आत कल्हई केलेली आहे." दाजी मागं स्कूटर धरून उभे होते. त्यांनी अक्काकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी त्यांची फक्त टँकरसाठी पाहिली होती. हळूहळू गल्लीत कुणी स्टीलच्या कोठ्या आणल्या, कुणी चांगली टाकी बसवली. मंडपवाला आता कुठलंही पिंप घेताना आधी त्याच्या मागच्या जन्माची चौकशी करतो.

आता दाजींची नजर मंदावली आहे. टँकरवरचे आकडे त्यांना धुरकट दिसतात. माडीवरचा वर्ग बंद झाला आणि मुलानं दोघांना बंगळुरूला नेलं, उंच इमारतीतल्या वरच्या मजल्यावर. तिथं कचरा रोज सकाळी कुणीतरी दारातून उचलून नेतं आणि नळाला दिवसभर, रात्रभर पाणी असतं. अक्का म्हणते, पहिले कित्येक दिवस ते उगाचच तोटी उघडून बघायचे. तिथं त्यांना विचारायला कुणी नाही आणि शेजाऱ्यांना सांगायला काही नाही. ते मला फोन करतात. बोलायला फारसं काही नसतं. तब्येत कशी, मुलगी कशी, व्याही कसे. आणि मग सोलापूरचा माणूस सोलापूरच्या माणसाला जो प्रश्न विचारतोच तो: "पाणी आलं का?"

परवा दुपारी फोन आला तेव्हा नळ नुकताच आला होता. गल्लीत भांड्यांचा आवाज सुरू होता, बायका एकमेकींना हाका मारत होत्या. मी म्हणालो, "हे काय, आत्ताच आलं."

"ऐकवा की जरा," दाजी म्हणाले.

मी फोन नळाजवळ धरला. हंड्याच्या तळाशी धार आपटत होती, घुमत होती. मग पाणी चढत गेलं तसा आवाज जाड होत गेला आणि काठाशी येऊन सौम्य झाला. हंडा भरला. मी फोन कानाला लावला. पलीकडं काहीच नव्हतं, मला वाटलं कट झाला. तेवढ्यात अक्काचा आवाज आला, हळू, जणू कुणी झोपलेलं आहे.

"ठेवू नकोस रे. दुसरा लाव म्हणतायत."

मी भरलेला हंडा बाजूला केला आणि दुसरा नळाखाली सरकवला.